पिसणाऱ्याने दिवा बघायचा

बाबांनी समई माझ्या हवाली केली ती काकांच्या देखत, आणि तेही मुद्दाम. गणपतीचा दुसरा दिवस होता. आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो, आणि तो बसल्यापासून उठेपर्यंत समोरची समई विझू द्यायची नाही, हा बाबांचा आयुष्यभराचा नेम. पहिल्या रात्री काका जागले. दुसऱ्या रात्री काकूला ताप भरल्यामुळे त्यांना गिरगावला घरी जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. चपला घालून ते दारातच उभे.

"दादा, मी थांबतो वाटल्यास. हिला नाय जमायचं. दिवसभर हापिस करून आलीय. डोळा लागेल."

"ती बघेल," बाबा म्हणाले.

"अरे, पण वारा सुटला तर? वात सरकवायची राहिली तर?"

"ती बघेल म्हटलं ना तुला."

काका गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. पोरीची जात, जागून जागून किती जागणार, असं ती नजर मला लहानपणापासून सांगत आली आहे. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. फोर्टातल्या एका विमा कंपनीत सतरा माणसांचा विभाग सांभाळते. मला एक वात जागवता येणार नाही? त्या रात्री मला दिवा जपायचा होताच, पण त्याहून जास्त, सकाळी काका आले की त्यांना तो जळताना दाखवायचा होता. माझं बिनसायला तिथूनच सुरुवात झाली.

ही दिव्याची रात्र खरी बघावी ती नायगावला, आमच्या चाळीत. एवढीशी आमची खोली, पण रात्री साडेदहानंतर मजल्यावरचे सात-आठ बापये जेवून, तोंडात पान टाकून आमच्याकडे यायचे. गणपतीसमोर चटई पडायची आणि चटईवर पत्त्यांचा कॅट. बाबा तेव्हा गिरणी सुटल्यावर एका गोदामावर वॉचमन होते. गणपतीत ते रजा घ्यायचे, पण रात्री जागायची सवयच होती त्यांना, आणि गोदामावरच ते पोकरसकट पत्त्यांचे सगळे खेळ शिकलेले. खेळ तीन पत्तीचा, पण देवापुढे पैसा लावायचा नाही हा बाबांचा कायदा, म्हणून चिंचोके लावायचे. आई वर्षभर आमटीतल्या चिंचेचे चिंचोके धुऊन, वाळवून एका डालड्याच्या डब्यात साठवायची ते या चार रात्रींसाठी. पहाटेपर्यंत चिंचोक्यांवरून अशी भांडणं व्हायची की गिरणीच्या बोनसवरूनही झाली नसतील.

आणि या सगळ्यात दिवा विझायचा नाही, कारण एक नियम होता. पिसणाऱ्याने दिवा बघायचा. डाव संपला की पत्ते ज्याच्याकडे जातील त्याने आधी मान वळवून समईकडे बघायचं. तेल कमी असेल तर घालायचं, वात कोळपली असेल तर काडीने पुढे सरकवायची, हात पुसायचे आणि मगच पत्ते पिसायचे. डाव पाच-सात मिनिटांत आटपतो. म्हणजे रात्रभर दर पाच-सात मिनिटांनी कोणी ना कोणी दिव्याकडे बघतच होतं, आणि लक्षात असं कोणालाच ठेवावं लागत नव्हतं. मला हा नियम लहानपणी देवाधर्माचा वाटायचा. तो किती हुशारीचा होता ते कळायला ती रात्र यावी लागली.

आणखी दोन नियम होते. एक म्हणजे, चुकून दिवा विझलाच तर लपवायचं नाही. ज्याच्या हातात पत्ते असताना विझला त्याने पुन्हा लावायचा आणि सकाळच्या आरतीला त्याच्या हातून एक नारळ जास्तीचा फुटायचा. एकदा शेजारच्या खोलीतला नवा जावई पिसताना विसरला. बाबांनी सकाळी गॅलरीत उभं राहून सगळ्या मजल्याला ते सांगितलं, जावयाने मान खाली घालून नारळ फोडला आणि विषय संपला. चूक झाली तर त्यांना चालायची, लपवलेली चालायची नाही.

दुसरा नियम माझ्यामुळे सगळ्यांच्या तोंडी झाला. मुलींना पत्त्यात बसवत नसत. आम्ही चहा द्यायचा. पण चहाचा ट्रे घेऊन मी बाबांच्या खांद्यामागे जी उभी राहायची ती कप थंड होईपर्यंत. त्यांच्या हातातली पानं बघून बघून खेळ शिकले. नऊ वर्षांची असताना एकदा मला राहवलं नाही. "बाबा, तीन गुलाम," मी मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी पत्ते टाकले. बाबांनी मला मारलं नाही, पण ट्रे खाली ठेवायला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मागे उभ्या राहणाऱ्याने बोलायचं नसतं. ज्याच्या हातात पत्ते, त्याचीच जीत आणि त्याचीच हार." पुढे कितीतरी वर्षं मजल्यावरचे लोक मला बघितलं की "तीन गुलाम" म्हणून हाक मारायचे. मला प्रत्येक वेळी राग यायचा.

आता ती चाळ नाही. पाडून टॉवर करायचे म्हणून रिकामी केली. ते सात-आठ बापयेही पांगले, कोणी बदलापूरला, कोणी मुलाकडे पनवेलला, दोघे तर देवाघरी गेले. आम्ही भाड्याने परळच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आलो. बाहेरची खोली, आतली खोली, मागे स्वयंपाकघर. शेजारचं दार कायम बंद. तिथला पहिला गणपती हा. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, भाऊ बंगळुरूला, त्याने व्हिडिओवर आरती केली होती. आणि बाबा मे महिन्यात न्हाणीघरात पडले होते. खुबा बदलावा लागला. चार पायांचा वॉकर घेऊन जेमतेम चालत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "रात्री एकट्याने उठू द्यायचं नाही. परत पडले तर मग उठवणं अवघड." म्हणून त्यांच्या उशाशी एका स्टुलावर मी स्टीलचं भांडं आणि चमचा ठेवला होता. उठायचं असेल तर वाजवायचं, मी येऊन धरणार.

एकूण माझ्याकडे दोन कामं होती. दिवा आणि बाबा. दोन्ही एका रात्रीपुरती.

साडेदहाला बाबांना आत निजवलं. वॉकर पलंगाला टेकवून ठेवला, त्यावर त्यांचा पंचा टाकला. बाहेर येऊन समईत तेल घातलं. गणपतीभोवती बारक्या दिव्यांची माळ सोडली होती, ती चालू ठेवून ट्यूब बंद केली. फोनवर दर अर्ध्या तासाचा गजर लावावा असं मनात आलं होतं. पण काकांचं ते "डोळा लागेल" आठवलं आणि गजर लावणं मला अपमानाचं वाटलं. मी जागीच असणार होते. जागं राहायचा उपाय माझ्याकडे होता.

मला चटईवर कोणी बसवलं नाही, तेव्हा मी फोनवर बसले. वर्षभरापूर्वी पोकरचं एक ॲप घेतलं होतं. तेव्हा ती पैशांची ॲपं राजरोस चालायची, नंतर सरकारने बंद केली. खेळ आपल्या तीन पत्तीचा लांबचा भाऊ. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात, मध्ये पाच पानं सगळ्यांसाठी उघडी पडतात, सातांतली चांगली पाच ज्याची भारी त्याचा डाव. फक्त तीन पत्तीच्या उलट, इथे एकाच जातीची पाच पानं तीन सारख्यांनाही खातात. महिन्याकाठी हजार-पाचशे घालवायचे किंवा कमवायचे, एवढाच माझा पसारा. घरात कोणाला माहीत नव्हतं. बाबांना तर नाहीच.

पण देवापुढे पैसा लावायचा नाही. हा कायदा माझ्या अंगात इतका मुरलेला की चटईवर बसून फोन उघडताना हात आखडला. मग मी एक तोडगा काढला, जो आमच्याच घरातल्या माणसाला सुचेल. गणपतीपुढे खेळायचं नाही ना, मग गणपतीपुढून उठू. प्लास्टिकची खुर्ची ओढून खिडकीशी नेली. तिथे नेटवर्कही बरं होतं आणि चार्जरचं बटणही. तोंड खिडकीकडे, पाठ गणपतीकडे. देवाकडे पाठ करू नये हेही मला ठाऊक होतं. पण पैसा लावण्यापेक्षा पाठ केलेली बरी, असा हिशेब मी मनाशी केला आणि स्वतःवर खूशही झाले.

बाबांची झोप मोडू नये म्हणून दोन्ही कानांत इअरफोन घातले आणि त्याच फोनवर इंटरनेट रेडिओ लावला. त्या रेडिओचं मला काही सांगू नका. चॅनेलच्या नावातच होतं, जुनी मराठी गाणी, चोवीस तास. पूर्वी बाबांचा ट्रान्झिस्टर होता. तो खरखरायचा, पण गाणं लावायचा. हा चॅनेल आधी मला एका गादीची जाहिरात ऐकवी. मग एक भावगीत लावी, पण ते मूळ नव्हे. कोणीतरी त्याच्याखाली ढोल बडवलेला, मध्येच आलाप कापून इंग्रजीत काहीतरी पुटपुटलेलं. पुढचं गाणं मागावं तर तेही कोणीतरी नव्याने गायलेलं, प्रत्येक ओळीला हुंदका. सहा वेळा पुढे ढकलल्यावर त्याने सांगितलं की या तासातल्या तुमच्या संधी संपल्या, हव्या असतील तर पैसे भरा. गाणं नको म्हणायलाही पैसे. आणि वर लिहून येई, खास तुमच्यासाठी निवडलेलं. कोणी निवडलं, कधी विचारलं मला?

बारा वाजेपर्यंत मी दोनदा उठून दिवा बघितला. एकदा वात सरकवली. एकदा आत डोकावले, बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. सगळं ठीक होतं, आणि ते तसं आहे म्हणून मी निर्धास्त झाले.

साडेबारानंतर पत्ते फिरले. चांगली पानं येत आणि शेवटच्या पानाला मार खात. टेबलावर पाच जण होते. त्यांतल्या एकाने स्वतःचं चित्र म्हणून चष्मा घातलेला वाघ लावला होता. तो माणूस कुठचा, केवढा, पुरुष की बाई, काही कळायचा मार्ग नाही. पण मला तो वाघ सहन होईना. माझ्याकडे जोडी आली की त्याच्याकडे तीन. मी सोडलं की तो नुसती फुकाची पानं दाखवून पैसे ओढायचा, आणि वर हसण्याचं चित्र पाठवायचा. पाचशे गेले, मी पाचशे टाकले. तेही गेले, हजार टाकले. चटईवर असं कोणी हसलं असतं तर निदान तोंडावर शिवी देता आली असती. इथे माझं तोंड मिटलेलं, दात आवळलेले, आणि कानात तेच हुंदके देणारं गाणं, रात्रीतून तिसऱ्यांदा.

चाळीतल्या आणि या खेळातला एक फरक मला तेव्हा दिसला नाही. इथे पत्ते कोणी पिसत नाही. डाव संपतो न संपतो तोच नवी पानं समोर येऊन पडतात. कॅट हातात घ्यायचा नाही, मान वळवायची नाही, हात पुसायचे नाहीत. श्वास घ्यायलासुद्धा मध्ये जागा नाही. दीड वाजला होता की दोन, मला सांगता येणार नाही. मला एवढंच कळत होतं की साडेचार हजार गेलेत आणि वाघाकडून ते परत काढायचेत. मागे काय चाललंय याचा विचार एकदा मनात आला होता. या डावानंतर उठते, असं मी स्वतःला सांगितलं, आणि हे वाक्य मी नंतर किती वेळा सांगितलं याला मोजदाद नाही. बारक्या दिव्यांच्या माळेचा उजेड खिडकीच्या काचेत दिसत होता. उजेड आहे म्हणजे सगळं आहे, असं मी धरून चालले.

आणि मग माझ्या हातात दोन राजे आले. इस्पिकचा आणि किलवरचा.

 उरलेले अडीच हजार माझ्यापुढे होते, त्यांतून मी चाल दिली. बाकीचे तिघे पानं टाकून पडले, वाघ राहिला. मध्ये पहिली तीन पानं उघडली. चौकटचा राजा, बदाम सत्ती, बदाम दुर्री. माझे तीन राजे झाले. मी थोडी चाल दिली, वाघाने तेवढीच दिली. चौथं पान आलं, बदाम गुलाम. मी पुन्हा दिली, त्याने पुन्हा दिली. मी खुर्चीच्या कडेला येऊन वाकून बसले, कोपरं खिडकीच्या कठड्यावर. पाचवं पान आलं, बदाम पंजी. आणि वाघाने त्याच्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं मध्ये ढकललं.

मला पंधरा सेकंद होती. मला विचार करायचा होता, खरंच करायचा होता. तेवढ्यात रेडिओ अडकला. गाण्याची एक ओळ अर्ध्यात तुटली, गोल चाक फिरत राहिलं, आणि मग गाण्याच्या दुप्पट आवाजात दोन्ही कानांत गादीची जाहिरात सुरू झाली. तीच बाई, तोच लाडिक आवाज, शांत झोप, शांत झोप. मी ती बंद करायला बोट नेलं तर तिथे बंद करायचं चिन्हच नाही. नऊ सेकंद. परत पत्त्यांवर आले. सात. पाच. डोक्यात नुसता संताप होता, वाघावर, त्या बाईवर, काकांच्या नजरेवर. रागात चाल देऊ नये, हे मी बाबांच्या खांद्यामागे उभी राहून शंभरदा ऐकलं होतं. मी रागात चाल दिली.

वाघाने पानं उघडली. एक निरुपयोगी चौका आणि एक बदाम तिर्री. मध्ये चार बदाम उघडे होते, त्याला एकच हवा होता. पाच बदामांनी माझे तीन राजे खाल्ले. त्याने हसण्याचं चित्र पाठवलं.

मी किती वेळ त्या पडद्याकडे बघत बसले कोण जाणे. सात हजार, आणि तेही गणपतीच्या दिवसांत. जाहिरात संपली, दोन-तीन गाणी होऊन गेली, आणि पुन्हा हुंदकेवालं गाणं लागलं तेव्हा मी दोन्ही इअरफोन कानांतून ओढून काढले. आणि खोलीत एकदम शांतता झाली. त्या शांततेने मला पहिल्यांदा भीती वाटली. मी मान वळवली.

समई जळत होती. केवढं हायसं वाटलं. मग मी जवळ गेले.

तेल काठोकाठ होतं. मी शेवटचं घातलं ते साडेदहाला, आता तीन वाजत आले होते. वात नवी होती, पांढरी, टोकाशी जेमतेम काळी. जुनी कोळपलेली वात बाजूला विड्याच्या पानावर काढून ठेवली होती. आणि समईखालच्या तबकाच्या कडेला आडवी ठेवलेली एक जळकी काडेपेटीची काडी होती. मी काडेपेटी वापरत नाही. स्वयंपाकघरातल्या लायटरने दिवा लावते. काडेपेटी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असते, विडी सोडून वीस वर्षं झाली तरी.

विझत आलेला दिवा सावरायला काडी पेटवावी लागत नाही. काडी पेटते ती विझल्यावर.

मी आत धावले. बाबा पलंगावर होते, भिंतीकडे तोंड करून, चादर कमरेपर्यंत. छाती वरखाली होत होती. भांडं आणि चमचा स्टुलावर जसेच्या तसे. वॉकर पलंगाला टेकलेला, त्यावर पंचा मी टाकला होता तसाच, घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणजे ते वॉकरशिवाय गेले होते. कपाट, भिंत, दाराची चौकट असं धरत धरत, नव्या खुब्यावर, वॉकरचा आवाज होऊ नये म्हणून. समईसाठी खाली वाकले होते. मग तसेच परत आले होते. आणि मी त्यांच्यापासून पाच पावलांवर, वाघाशी भांडत होते.

ते पडले असते तर? त्या आवाजाने तरी मी वळले असते की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.  त्यांच्या पावलांवरून हात फिरवावासा वाटला, पण ते जागे असतील तर काय बोलू, म्हणून फिरवला नाही. बाहेर येऊन चटईवर, समईसमोर बसले. फोन बंद करून कपाटात ठेवला. झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. पहाटेपर्यंत मी त्या वातीकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी ती जरा हलली की हाताचा आडोसा करत होते. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

सात वाजता बाबांच्या फोनवर काकांचा फोन आला. येताना फुलं आणतो, दुर्वा आणतो, आणखी काय हवं? बाबा उठून बसले होते, मी त्यांना धरून बाहेर खुर्चीवर आणलं होतं. त्याच खुर्चीवर. फोन त्यांनी माझ्या हातून घेतला. काकांचा आवाज मला बाहेरून ऐकू येत होता, दिवा रात्रभर राहिला का, हे ते गावच्या बोलीत विचारत होते.

"दिवा ऱ्हवलो?"

"ऱ्हवलो," बाबा म्हणाले. "ती होती ना."

मी तोंड उघडलं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं आणि फोनमध्ये म्हणाले, "आणि हे बघ, नारळ एक जास्तीचा आण."

"जास्तीचा कशाक रे?"

"आण म्हटलं ना तुला."

फोन ठेवला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी कधी दिव्याबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. सगळ्या मजल्यासमोर शेजाऱ्याच्या जावयाची लाज न राखणारा हा माणूस, आणि आज सख्ख्या भावाला फोनवर खोटं सांगून मोकळा झाला. शिवाय नारळ मागवला होताच. नियम माझ्यापुरता त्यांनी मोडलाही होता आणि पाळलाही होता.

"बाबा, तुम्ही उठलात. एकटे उठलात. वॉकर न घेता." मला रडू आवरेना, आणि रडू आलं की मी भांडते. "भांडं कशाला ठेवलंय मी तिथे? पडला असतात तर?"

"वाजवलं की भांडं. तीनदा वाजवलं."

 ते भांडं त्यांनी तीनदा वाजवलं होतं, आणि माझ्या कानांत गादीवाली बाई होती.

"मला वाटलं, तुला चक्कर-बिक्कर आली," ते म्हणाले. "म्हणून उठलो. बघतो तर दिवा गेलेला. तो लावला. मग तुला हलवायला आलो, इथे, मागे. या खुर्चीला धरून उभा होतो."

"मग हलवलं का नाहीत?"

बाबांनी समईकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पानांवर नजर खिळलेली असायची तेव्हाचा चेहरा होता तो.

"चार बदाम उघडे पडले होते गो," ते म्हणाले. "समोरच्याकडे एक जरी असता तरी तू गेलीस. राजे काय चाटायचे होते? तेव्हाच पडायचं होतंस."

 एवढ्या रात्री, नव्या खुब्यावर, खुर्चीच्या पाठीला धरून ते माझ्या खांद्यामागे उभे होते. पाचवं पान पडेपर्यंत उभे होते. मी चाल देईपर्यंत उभे होते.

"दिसत होतं तर बोलायचं होतं ना, बाबा."

"मागे उभ्या राहणाऱ्याने बोलायचं नसतं," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

तासाभराने काका आले. आरती झाली. जास्तीचा नारळ बाबांनी माझ्या हातात दिला. काका माझ्याकडे बघत होते, मग बाबांकडे, मग समईकडे. मी नारळ फोडला आणि काकांना सांगितलं, दिवा माझ्या हातून विझला होता, बाबांनी लावला.  काकांनी भकलं उचलून पाणी वाटीत धरलं.

त्या रात्री बाबांना आत निजवलं नाही. त्यांचा पलंग बाहेर आणला. डालड्याचा डबा चाळ सोडताना हरवला होता, म्हणून वालाच्या बिया घेतल्या. त्यांनी पत्ते माझ्यापुढे ठेवले. मी आधी मान वळवून दिवा बघितला, वात सरकवली, हात पुसले आणि पिसायला घेतले.